हार्लो कोव्हची नोंद

हार्लो कोव्ह, मेन
रविवार, १९ एप्रिल

लाडके लोरेट,

तुला आणि मुलांना भरभरून आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, म्हणजे पत्रात लिहायचं असतं म्हणून ठीक. बर्फ गेलं, चिखल आला. मेपलचा पाक यंदा बेताचाच, तरी तुझी बाटली बाजूला काढली आहे. जरा करपलाय. ते... ज्यात उकळतो ते पसरट, त्याखालचा जाळ कमी करायला मी विसरलो. तुझी वहिनी हेझल म्हणाली, "म्हातारा झालास की रे!" असो.

आता खरी बातमी. माझी लेक डेल्फिन राजधानीत, ऑगस्टाला, आमदारांच्या समितीपुढे बोलली! अगं, माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटलं.

तुला ठाऊकच आहे, ब्लूबेरीच्या रानात तिला गोचीड चावली तेव्हापासून पोरीचे सांधे धरलेत आणि बोलता बोलता शब्द हरवतात. औषधाने गुण येत होता, तर विमा कंपनीने महिन्याभरातच हात वर केले. आता नवा कायदा येऊ घातलाय, तो एवढंच म्हणतो की डॉक्टर सांगेल तोवर विम्याने औषधाचा खर्च द्यायचा.

समितीपुढे कंपनीचा माणूस आधी बोलला. गोड गोड. "सरकारी नोंदीप्रमाणे हार्लो कोव्हमध्ये गोचिडीच्या या आजाराचा एकही रुग्ण नाही." एकही नाही म्हणे! अगं, कळवतंय कोण? डॉक्टर पेल्की गोळ्या देतो आणि सरकारला कळवायचं राहूनच जातं. आपली माणसंही काही कमी नाहीत. गोचीड उपटायची, शेगडीत टाकायची, की चालले कामाला.

मग डेल्फिन उठली. चार वाक्यं झकास बोलली आणि अडकली. शब्दच येईना. मी उठणार, तोच हेझलने बाही ओढली. "बस खाली. तिचं ती बघेल."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाळ, बसलीस तरी चालेल."

"नाही," पोरगी म्हणाली. "हे जे थांबणं आहे ना, हाच माझा आजार. हे लिहून घ्या."

आणि वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिली, मान ताठ करून. दोन दिवसांनी समितीने कायदा एकमताने पुढे पाठवला. अजून मोठ्या सभागृहातलं मतदान बाकी आहे, पण कुणाची पोर आहे ती!

आता टाळत होतो ते लिहितो. पाकाचं ते भांडं, लोरेट. त्याचं नाव मला अजून आठवत नाही. बापाच्या काळापासून वापरतोय. गेल्या पानगळीत लाकडं तोडताना मलाही गोचीड चावली होती. गुडघे सुजले, मी म्हटलं, वय झालं. हेझललाही बोललो नाही. घरात एक आजारी पुरे. पण पोर तशी उभी राहिलेली पाहिल्यावर मी कुठल्या तोंडाने लपून बसू?

दुसऱ्याच दिवशी पेल्कीकडे तपासायला रक्त दिलं. निकाल शुक्रवारी आला. मलाही तोच आजार आहे. म्हटलं, "डॉक्टर, आता माझ्यादेखत कळव. तिचंही आणि माझंही."

"ऑरिन, लई लिहावं लागतं रे त्यात."

"लिही की. मी बसतो, कॉफी आण."

बसलोच. दोन्ही नावं गेली तेव्हाच उठलो. औषध सुरू झालंय, काळजी करू नकोस. विम्याशी आता दोघं मिळून भांडू. हार्लो कोव्हमध्ये एकही रुग्ण नाही, असं यापुढे कुणाला म्हणता येणार नाही.

सरकारी नोंदीत डेल्फिनच्या खाली ज्याचं नाव आहे तो,
तुझा दादा
ऑरिन