मधली मोकळी वाट

कॅल्डर स्प्रिंग्ज, टेक्सास

डॅडी,

शाळेच्या संघाला मी पसरून खेळायला शिकवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरं मैदानभर वाळत घातलीस की काय?" तुमचा फुटबॉल एकच: चेंडू पोटाशी धरायचा आणि मधल्या गर्दीत घुसायचं. तेव्हापासून आपला अबोला.

काल जिंकायला शेवटच्या रेषेपर्यंत चार यार्ड हवे होते. चेंडू आमच्या एलिसिओकडे होता; मी त्याला तो लांब फेकायची खूण केली. पठ्ठ्याने नकारार्थी मान हलवली आणि चेंडू पोटाशी धरला. आमची पोरं पांगलेली, त्यांच्यामागे समोरचेही पांगलेले. मध्ये कुणीच नाही! तुमचीच चाल, डॅडी, पण तो अक्षरशः चालत रेषेपार गेला. कुणाचा हातही लागला नाही.

गॅलरीत पाहिलं. फक्त राष्ट्रगीताला आणि मयतालाच उतरणारी तुमची हॅट तुमच्या हातात होती.

पत्र टाकत नाही. "वाऱ्याने उडत होती," म्हणाल.

तुमचा,
रॉइस