सत्काराच्या बेतानं लावलेलं रसायन

वडगाव रासाईच्या शेखलाल मामूंना दौंडहून शिरीनचा सलाम. तुमचा गुडघा, मामींची शुगर आणि नदीकाठची वांगी, तिन्ही बरी असतील. भाईजानच्या लग्नात तुम्हाला पहिल्या पंगतीला बसवायचं राहिलं, तेव्हापासून तुम्ही आणि अब्बा बोलत नाही. आता माझ्या निकाहला "दाजी स्वतः बोलवायला आले तरच येईन" असा तुमचा निरोप आलाय. त्याकडं वळते, पण आधी माझी फजिती ऐका.

लॅबमध्ये मी पाण्यात प्लास्टिकचे कण बनवते, रंगात घालायचे, डोळ्यांना न दिसणारे. घाईनं केले की लहान-मोठे होतात (आपल्या खानदानासारखे). म्हणून सोबत आणखी एक रसायन सोडायचं. ते गुपचूप पाण्याचा आंबटपणा कमी करत राहतं. वरून बघाल तर नुसतं पाणी. आंबटपणा ठरल्या हद्दीखाली गेला, की सगळे कण एकदम तयार होतात, आणि एकसारखे. किती वेळ लागू द्यायचा, ते आधीच ठरवता येतं.

परवा हे बघायला पुण्याहून मोठे साहेब आले. आपल्याकडं पाहुणा म्हटलं की नारळ, शाल, मनोगत, आभार. तास जातोच. तेवढा वेळ धरूनच मी मिश्रण लावलं. आणि हा बाबा म्हणतो, सत्कार नको, काम दाखवा! झालं! भांड्याभोवती सगळे उभे, आत स्वच्छ पाणी. आमचे ज्ञानदेव सर घामाघूम (शाल हातातच राहिली होती, तिनंच तोंड पुसलं). थोडं थांबा, आत काम चाललंय, असं मी सांगत राहिले. साहेब म्हणाले, मला तर काहीच दिसत नाही, आणि निघाले. त्यांची गाडी गेटबाहेर पडते न पडते, तोच भांडं पांढरंशुभ्र! मी ते घेऊन गेटपर्यंत पळाले. वॉचमन म्हणाला, "म्याडम, च्याला दूध आलं व्हय?" रडूच आलं मला.

मामू, अब्बांचंही असंच चाललंय. तोंडातून शब्द नाही. पण या आठवड्यात दोनदा गाडी पुसली, नवी टोपी घातली, तुमच्याकडं यायला निघाले आणि चौफुल्याला चहा पिऊन परत आले. मला बघवत नाही. तुम्ही त्या साहेबांसारखं करू नका.

तुमची भाची,
शिरीन

ता. क. खरं मागणं एवढंच, की "येणार नाही" असं अजून कुणाला सांगू नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते, तर अब्बांनीच मागितलं. म्हणाले, पोस्टानं कशाला, मीच नेतो. म्हंजे पत्र देणारा माणूस आत्ता तुमच्या दारात उभा असेल. आधी बसवा, पाणी द्या. लगेच काही बोलले नाहीत, तर थोडं थांबा.