बागेतल्या पाइनची पाटी

तीर्थस्वरूप मावशीस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्याला हिरवा रंग लागलाय, गोड मानून घे). लेकीकडे गेल्यापासून गुडघे काय म्हणतात? माझं ठीक आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

काका गेल्यावर त्यांच्या जागेवर बागेत माळी म्हणून लागलो तेव्हा वाटलं होतं, झाडांना पाणी घालायचं आणि सावलीत बसायचं. कसलं काय! नव्या साहेबांनी फर्मान काढलं, प्रत्येक झाडाला पाटी, आणि पाटीचा रंग गटाप्रमाणे. बी उघडं असेल तर निळी, फळात झाकलेलं असेल तर हिरवी, त्यातही बी एका डाळीचं की दोन डाळींचं ते वेगळं. (मला नोकरी देताना इतकी चौकशी झाली नव्हती.) मी आपला नुसती पानं बघून सपासप रंगवत सुटलो. सायकसला नारळाचा भाऊ समजून हिरवी ठोकली, तर तो निघाला उघड्या बियांचा, नारळाचा कुणीच लागत नाही. नारळ स्वतः एका डाळीचा, गवताच्या गोतातला. आणि केळ तर झाडच नव्हे म्हणे, नुसती पानांची गुंडाळी! तीन पाट्या वाया गेल्या, बोलणी खाल्ली ती निराळीच.

मग पाळी आली फाटकाजवळच्या झाडाची. तुझ्या झाडाची. काकांनी लावलेलं, वर त्यांच्या हातची 'पाइन' अशी पाटी, आणि खालच्या बाकावर दर रविवारी तू. साहेब म्हणाले, हा पाइन नाही, हे सुरूचं झाड आहे. सुया दिसतात त्या बारीक फांद्या, याला फुलं येतात, बी झाकलेलं असतं, जुनी पाटी उतरव. मावशी, तूच सांग गं. जन्म बागेत घालवलेल्या माणसाची चूक मी चव्हाट्यावर मांडायची? दोन दिवस साहेबांना चुकवलं, शिडी हरवली म्हणून सांगितलं. (तेव्हा शिडी माझ्याच खांद्यावर होती.) पण वाईट वाटून घेऊ नकोस, एका झाडाने काकांचं नाव बुडत नाही.

तुझा रंगलेला भाचा

ता. क. : आज पाटी उतरवली. मागे काकांचं अक्षर : 'हा सुरू आहे. पण ही पहिल्या दिवसापासून पाइन म्हणते, आणि म्हणताना हसते. पाटी बदलू नये.' म्हणजे चूक तुझी होती होय!

ता. ता. क. : साहेबांना दाखवली. त्यांनी दोन्ही बाजू उलटून बघितल्या, मग म्हणाले, "बाईंनाच विचारा." तेव्हा विचारतो, कुठली बाजू पुढे ठेवू? हिरव्या रंगाचा डबा उघडलाय, तो वाळायच्या आत कळव.