दोन्ही बाह्या डाव्या

देऊळघाट,
ता. १२ जून १९६६

चि. चांगुणा हीस भगवानरावचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या सासूचे गुडघे दुखतात, ते जुनंच. उत्तम दोन्ही वेळ पोटभर जेवतो आणि रिकाम्या रिळांची गाडी करून दुकानभर हाकतो.

अकोल्याच्या शिवणवर्गात पहिल्या वर्गात पास झालीस, ते पत्र दुकानात आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. तुमच्या बाई आधी कागदावर बेतायला लावतात, हे बरंच आहे. मी काही जातीचा शिंपी नाही. जुना कोट उसवून, तुकडे जमिनीवर मांडून शिकलो; मला कोण कागद देणार होतं? काजाच्या बाबतीत मात्र बाई चुकतात. काज आधी गुंडीवर मापावं, मग कापावं. मुलींना शिकवताना हे विसरू नकोस.

मुलींना शिकवताना, असं लिहून गेलो खरा. तेव्हा आता संग्रामपूरच्या शाळेतल्या नोकरीचं तू जे विचारलंस, त्यावर यायलाच हवं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी किसनरावच्या मुलाचा लग्नाचा कोट कापत होतो. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. कापड दुमडून बाह्यांची जोडी कापायची, हे तुला मीच शिकवलं. तरी एक कापली, तीच वर ठेवून दुसरी कापली, उलटवायची राहिली. किसनराव हसला, "काहो मास्तर, माह्या पोराले दोन्ही हात डावेच दिसले का तुमाले?" मी डोळ्यांवर ढकललं. डोळ्यांना काही झालेलं नाही, चांगुणा.

तुझी सासू म्हणते, "तिले जायचं तं जाऊ द्या, पण लेकरू काऊन नेते? एक तं देवानं नेलंच." खरं तर मीही तेच लिहायला बसलो होतो. रंगराव गेल्यावर तुला मशीनवर बसवलं, अकोल्याला धाडलं, ते तू परत येऊन दुकान चालवशील म्हणून. लोकांना सांगत होतो, सुनेला तिच्या पायावर उभी करतो. मनात दुकान होतं. आणि उत्तम डोळ्यांपुढे राहील, हे होतं.

काल तो गाडी हाकत होता. सहज विचारलं, "कुठं चालली बे गाडी?"

"मायकडे," म्हणाला. मान वर न करता.

तू संग्रामपूरची नोकरी धर. शाळा सुरू होण्याआधी येऊन उत्तमला ने. सासूला मी समजावतो. नाही समजली तर दोघं मिळून रडू.

त्याचा शाळेचा सदरा शिवून ठेवला आहे. निळं कापड तू ओळखशील. रंगरावसाठी कापलं होतं, शिवायचं राहिलं. बाह्यांना आणि खाली चांगलं रुंद कापड आत दुमडलं आहे. पोरगा वाढेल तशी एकेक घडी उसव. आतल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे गडद पट्टा दिसेल. दिसू दे, झाकू नकोस.

शेवटची घडी उसवलीस की मात्र नवं माप तू घेऊ नकोस. त्याला इकडे घेऊन ये.

टेप गळ्यात घालून बसलेला,
भगवानराव