मिश्रीच्या डबीतल्या गोळ्या

घोडपदेव, ३ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षदा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. निलेशने तुझ्याकडे रडगाणं गायलं असेलच. मुलगा माझाच, पण वडाळ्याला लिफ्टवाली जागा घेतल्यापासून त्याला माझे तीन जिने तेवढे दिसतात. रविवारी मला आणि माझ्या सामानाला न्यायला टेम्पो आणणार म्हणे. आणू दे, रिकामा जाईल.

परवा जिन्यात छाती आवळली. डॉक्टरांची गोळी जिभेखाली धरली, पण खडू चघळावा तसं झालं. बसून राहिले, कळ गेली. निष्काळजी म्हणू नकोस हं. काचेची बाटली फुटेल म्हणून गोळ्या मिश्रीच्या डबीत काढल्यात, आणि डबी दिवसभर माझ्या कमरेला असते.

राग आला तरी माया कमी करू नकोस.
तुझी सुभद्राआत्या

परळ, ७ फेब्रुवारी

ती. आत्येस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून प्रयोगशाळेतून तशीच धावत आले, तर तू कुलूप लावून भजनाला! नवी बाटली शेजारी जाईबाईंकडे ठेवली आहे.

आत्ये, गोळीचा खडू तूच केलास. तिच्यातलं औषध उडून जातं, म्हणून काचेची घट्ट झाकणाची बाटली. त्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. तुझी तंबाखूची मिश्री नेमका तोच कमी करते. उंदराच्या हृदयाचा रक्तपुरवठा थांबवून, हा वायू बेताने दिला तर किती हृदय वाचतं, हे मी रोज मोजते. उंदरांची वाचवू आणि तुझं डबीत घालवू? मला भीती वाटते गं. तपासणीला चल, निलेशदादाशी मी भांडते.

उत्तराची आणि तुझ्या शिव्यांची वाट पाहते.
अक्षदा

घोडपदेव, १९ फेब्रुवारी

चि. अक्षदास आशीर्वाद.

टेम्पो रिकामा गेला नाही. निलेश खाटेचा पाय धरून ओढत होता, मी खाटेवर बसून त्याला झापत होते, आणि तेवढ्यात छाती पुन्हा आवळली. जाईबाई तुझी बाटली घेऊन धावली. गोळीने डोकं असं ठणकलं की म्हटलं, ही गोळी खडू नाही, जिवंत आहे! कळ ओसरली आणि त्याच टेम्पोतून दवाखाना गाठला. एक नळी तुंबली होती, तिथे स्टेंट बसवला. निलेश लहानपणीसारखा रडला.

पण काल मी घरी आले ती इथेच, दर मजल्यावर दम खात. निलेशला विचारलं, वडाळ्याच्या बंद दारांमागून कोण धावलं असतं रे? खाट जागची हलली नाही.

सोबत मिश्रीची डबी पाठवते, धुऊन. एवढी एक हार मानली आहे. दुसरी मागू नका.

तुझीच, अजून तिसऱ्या मजल्यावरची,
आत्या