टॅबमधल्या बाई

४ जून, सकाळ
आजपासून पहिलीचा वर्ग माझ्याकडे. बालवाडीपासून या मुलांना शिकवणाऱ्या आधीच्या बाई सुट्टीत वारल्या. प्रेमळ होत्या म्हणे, पण टेक्नॉलॉजीच्या नावानं आनंदीआनंद. धड्यातला शब्द न् शब्द त्यांनी टॅबमध्ये स्वतःच्या आवाजात भरून ठेवलाय. मुलं चित्रावर बोट ठेवतात, बाई बोलतात, मुलं मागून म्हणतात. मधे एके ठिकाणी बाई खोकल्यात. मुलं तेही मागून म्हणतात.
संकल्प: दिवाणखान्यात टीव्ही बदलावा तसा वर्ग बदलून दाखवायचा.

६ जून
खिडकीपाशी एक मुलगी बसते. सगळे तिला चिमणी म्हणतात. चिवचिव मात्र शून्य. तिची आई भेटायला आली. म्हणाली, पोर घरीसुद्धा मोजकंच बोलते. शाळेत फक्त बाईंशी बोलायची, आता टॅबशी. मुख्याध्यापिकांनी बजावलंय, सत्र संपेपर्यंत तोंड उघडलं नाही तर दुसऱ्या शाळेत हलवावं लागेल. आईचे डोळे भरून आले. मी म्हटलं, निर्धास्त राहा, लहान मुलं हा माझा हातखंडा. (आमचे चिरंजीव माझ्याशी बोलत नाहीत, पण ते वयच तसं.)

११ जून
निदान झालं. गेलेल्या माणसाच्या आवाजाशी बोलत बसणं मुलांना बरं नाही. सगळे टॅब अपडेट केले, म्हणजे पुसले. खोकल्यासकट. मग घरी बसून माझा आवाज भरला. बायको म्हणाली, बँकेत टोकन पुकारल्यासारखं वाटतंय. उच्चार स्पष्ट असले की लोकांना तसंच वाटतं.
शेवटचा टॅब पुसताना बोट जरा अडलं. आत बाई म्हणत होत्या, घाई नाही, मी थांबलेय. मग दाबलं.
शिपाईमामांना ताकीद: आजपासून यंत्रांना हात लावायचा नाही, सगळं मी बघेन.

१३ जून
चिमणीनं टॅब कानाला लावला. माझा आवाज ऐकला. टॅब पालथा घातला. नंतर दिवसभर खिडकी. सुरुवातीला असं व्हायचंच.

१८ जून
मुलं इतकी शांतपणे टॅबवर शिकतायत की मी निवांत चहाला जाऊ शकतो. हेच माझं यश.
परत येताना व्हरांड्यात बाईंचा आवाज ऐकला. घाई नाही, मी थांबलेय. मग खोकला. निम्मा चहा शर्टावर. आत गेलो तर वर्ग चिडीचूप. घाबरलो वगैरे नाही. उरलेला तास दाराजवळ बसलो तो वाऱ्यासाठी.

२० जून, दुपार
पुन्हा तोच आवाज. टेक्निशियनला बोलावलं. त्यानं एकेक टॅब आपल्या चार्जरला जोडून तपासला. म्हणाला, यात तुमच्याशिवाय कोणीच नाही. आणि तुम्हीही नाही, कारण चार्जिंग संपून टॅब कधीचे बंद पडलेत. चार्जिंगच्या कपाटाचं बटण कोणी दाबलेलंच नाही. मी शिपाईमामांकडे पाहिलं. ते म्हणाले, सरांनीच हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. वाद वाढवला नाही. बटणही दाबलं नाही, आधी छडा लावायचा.
पण बंद टॅबमधून बाई बोलतात कशा? या विचारानं जेवण गेलं नाही. मधल्या सुट्टीनंतर स्वतःच्या वर्गात शिरताना दार वाजवलं.

२५ जून
आज सोक्षमोक्ष. चहाचं निमित्त करून बाहेर पडलो आणि दाराच्या फटीला डोळा लावला. मुलं काळे ठिक्कर टॅब कानाला लावून बसली होती. आणि चिमणी त्यांच्यामधून फिरत होती. बाईंचा आवाज तिच्या तोंडून येत होता. तोच हेल, तेच थांबणं, तोच खोकला. एकेकाशी वाकून शब्द म्हणवून घेत होती. ज्याला मी 'ढ' ठरवलं होतं तो अख्खं वाक्य वाचत होता. अंगावर सरसरून काटा आला, मग रडू आलं. आनंदाचं की लाजेचं, कळलं नाही.
दार उघडून शाब्बास म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग दिवसभर उघडलं नाही. मी हात जोडले, गोष्ट सांगितली, माकडासारखा नाचूनसुद्धा दाखवलं.

२७ जून
मुख्याध्यापिकांना आणि चिमणीच्या आईला दाराशी उभं केलं. मी आत होतो तोवर आवाज नाही. मुख्याध्यापिकांनी मला खूण करून बाहेर बोलावलं. जरा वेळानं बाई बोलू लागल्या. आई भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून रडली. निर्णय: चिमणी याच शाळेत राहणार. वाचनाच्या तासाला मी वर्गाबाहेर बसणार. एकंदरीत माझा प्लॅन यशस्वी. शिपाईमामांनी स्टूल आणून दिलं.
दुपारी आतून एका पोरानं विचारलं, बाई, बाहेर कोण आहे?
बाईंचा आवाज म्हणाला, कोणी नाही. तू वाच.