साठच्या स्पीडला वाजणारा परण्या

शहागड
१४ मे २००१

ती. दादा,

शहागडहून रखमाजीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता; कंबर धरल्यामुळं सध्या चारच अंगं टेकतात.) वहिनींना नमस्कार. तुमचं पत्र मिळालं, पण पाकिटाला तुम्ही एवढा डिंक लावलात की फोडताना नेमक्या तीन ओळी फाटून झाकणाबरोबर गेल्या. त्या माझ्या तब्येतीच्या चौकशीच्या असणार, कारण उरलेल्या पत्रात ती कुठंच नाही. घरातल्या धाकट्यावर हा अन्याय पोस्टाच्या साक्षीनं झाला, याची नोंद घ्यावी. तुमच्या गुडघ्याचं मात्र सगळं वाचता आलं. त्याच गुडघ्यापायी तुम्ही भाचीच्या, आपल्या बेबीनंदाच्या लग्नाला आला नाहीत. जालन्याहून हसनाबाद काही विलायत नाही. पण तुम्ही का आला नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, गुडघ्यालासुद्धा.

शहात्तर साली आपल्या बहिणीच्या, सगुणाबाईच्या लग्नात वाजंत्री आलीच नाही. धर्मराज दाजी घोड्यावर, पुढं नुसती खोकणारी माणसं, आणि मिरवणुकीनं मारुतीला निघालेल्या नवरदेवाचा परण्या देवळापर्यंत मुका गेला. तुम्ही, म्हणजे त्यांच्या भाषेत काकासाहेबांनी, बँडवाल्यांना तारीख चुकीची सांगितली असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि बाईला सासरी चोवीस वर्षं ते ऐकावं लागलं. गेल्या आषाढात ती गेली. लेकीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, या परण्याला असा आवाज लावायचा की तिच्या सासरची सगळी तोंडं त्याखाली बुडाली पाहिजेत. (बाईला ऐकू जाणार नव्हतं, हे मलाही कळत होतं.)

म्हणून आपल्या पॅसेंजरच्या जीपमधली मागची बाकडी काढून कपाटाएवढे दोन स्पीकर उभे केले. तिसऱ्या मिनिटाला गाणाऱ्या बाईचा आवाज म्हशीसारखा झाला, पाचव्या मिनिटाला हॉर्नही गेला. हायवेवरचा पुंजाराम मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "मामा, तुमचा आल्टरनेटर दोन दिवे अन् एक हॉर्न पोसायचा. तुम्ही त्याच्या ताटावर अख्खं वऱ्हाड बसवून राह्यले." (आल्टरनेटर म्हणजे इंजिन पट्ट्यानं ज्याला फिरवतं आणि जो फिरून बॅटरी भरतो तो, तुम्ही शिक्षण खात्यातले, म्हणून सांगितलं.) मग मोडीत निघालेल्या एका ॲम्ब्युलन्सचा दांडगा आल्टरनेटर आणला. तो बसेना म्हणून लोखंड कापलं, वेल्डिंग केलं, लांब पट्टा घातला. आधी ते यंत्र माणसं वाचवायला पळत होतं, आता माझ्याकडं आलं.

गोदावरीच्या पुलावर साठच्या स्पीडनं ट्रायल घेतली. काय वाजलं म्हणता! एका ट्रकवाल्यानं गाडी बाजूला घेऊन कान धरले. पुंजारामला शेजारी बसवून हसनाबादपर्यंत वाटेतली सगळी गावं वाजवत गेलो. मला, पुंजारामला, ऐकणाऱ्यांपैकी एकाही शहाण्याला सुचलं नाही की परण्या काही साठच्या स्पीडनं जात नसतो.

तो मुंगीच्या चालीनं निघाला. इंजिन झोपेत चालल्यासारखं, आल्टरनेटर कसाबसा फिरतोय, वर ते दोन राक्षस वीज पिऊन राह्यलेले. पिठाच्या गिरणीपाशी गाणं आटलं. पुंजाराम ओरडला, "न्यूट्रल करा अन् रेस द्या, बाकीचे ढकला!" मग नवरदेवाकडचे आठ पाहुणे इस्त्रीच्या कपड्यांत जीप ढकलू लागले आणि मी नुसता ॲक्सिलेटर दाबून बसलो. गाणं आलं, पण इंजिनाच्या बोंबेखाली ते कुणाला कळलं नाही. धुरानं घोडी मागं फिरली, नवरदेव उतरून चालू लागला. तेवढ्यात पट्टा तुटला. बॅटरी आधीच खाली बसली होती, आणि इंजिनही तापून बंद पडलं. त्या शांततेत दाजींची चुलती गिरिजाबाई बिलकुल हळू आवाजात म्हणाली, "मायचंबी मुकं, लेकीचंबी मुकं. काकासाहेबाचंच घराणं ते."

मी माईक हातात घेतला आणि काय बोलायचं ते बोललो. माईक मेलेला होता.

कळावे, लोभ आहेच, तो डिंकासारखा लावू नये.

तुमचा धाकटा,
रखमाजी

ता. क. आषाढ वद्य पंचमीला बाईचं वर्षश्राद्ध आहे. पत्र खरं तर त्यासाठीच. गुडघ्यासाठी जीप पाठवतो. स्पीकर काढले, आल्टरनेटर तसाच ठेवला; दिवे असे पडतात की समोरचा बैलगाडीवाला हात जोडतो.

ता. क. दुसरा. माईकवर जे बोललो ते मारुतीच्या पारावर उभं राहून तोंडानं पुन्हा बोललो. शहात्तर साली बँडवाल्यांना द्यायची सुपारी तुम्ही माझ्या हातात दिल्ती. अंबडच्या रस्त्यावर कुस्त्यांचा फड लागला होता. मी तिथंच थांबलो आणि घरी येऊन "दिली" म्हणालो. तारीख तुम्ही कधीच चुकला नव्हतात.  दाजी टोपी हातात फिरवत म्हणाले, "मंग आम्ही काकासाहेबांना उगंच बोलत आल्तो. त्यांना घेऊन या. बाईला एवढं सांगायचं राह्यलं बघा." मी "होय" म्हणालो.

ता. क. तिसरा. पाकिटात एक सुपारी ठेवली आहे. त्या वेळची मी कुस्त्या बघता बघता खाल्ली होती. डिंक बेतानं लावलाय.